वाडग्यातली बाज

भादव्यात आश्रुबाचे दोन्ही बैल बुळकांडीच्या रोगानं गेले. पहिला लाळ गाळत, रक्त हगत गेला. दुसऱ्यानं जोडीदाराला ओढून नेताना पाहिलं आणि वैरणीला तोंड लावायचंच सोडलं. मग त्यालाही त्याच वाटेनं ओढून न्यावं लागलं. आश्रुबाच्या बायकोनं, कडूबाईनं, त्यांची दावी चुलीत घातली. आश्रुबानं गोठ्याच्या दारात बाभळीची फांदी आडवी टाकली. ज्या गोठ्यात बुळकांडीनं जनावर मेलं, तिथं पुढचा भादवा उलटेपर्यंत खूर टेकवायचा नाही, ही त्या शिवाराची रीत होती. रीत मोडणाऱ्याच्या जनावराला कुणी पाणवठ्यावर येऊ देत नसे.

मागं राहिल्या शेळ्या. त्यांनाही गोठा बंद झाला, म्हणून नाल्याच्या थडीवर आश्रुबानं बोरी-बाभळीचे काटे रचून वाडगं केलं. आखाड्यावरून हाक मारली तर तिथं ऐकू जाई, पण मधे लिंबाची झाडं असल्यानं दिसत काही नसे. आखाडा म्हणजे रानातलं कुडाचं एक घर, आत एक खोली आणि पुढं छपरी. लेक झरीला दिलेली. आता घरात नवरा-बायको आणि छपरीत बाजेवर आश्रुबाची आई, धुरपदाबाई.

धुरपदाबाईच्या डोळ्यांत फुलं पडून डोळे गेले होते. तिचा सगळा कारभार चिपीवर चालायचा. चिपी ही मांजरापेक्षा जराशी मोठी, तांबडी कुत्री. तिच्या गळ्यात घुंगरू होतं. म्हातारी उठली की चिपी पुढं व्हायची, आणि घुंगराच्या आवाजामागं म्हातारी नाल्याला जायची, लिंबाखाली सावलीला जायची, परत बाजेवर यायची. चिपी थांबली की म्हातारी थांबायची, कारण पुढं दगड तरी असायचा नाहीतर साप-जिवाणू तरी. जेवताना म्हातारीचा हात भाकरीचे दोन तुकडे करायचा. अर्धा तिचा, अर्धा चिपीचा. कडूबाईला ते आवडत नसे, पण बोलत नसे.

शेजारच्या चंद्रभानचाही एक बैल मेला होता, एक वाचला होता. दोघांनी बांधावर बसून बोलणं केलं. आश्रुबानं आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एक बैल आणायचा. दोघांची मिळून जोडी होईल आणि दोघांची रानं पेरून होतील.

"आखितीपस्तोर वाट बगतो," चंद्रभान म्हणाला. "फुडं न्हाई थांबनार. दिनकररावाचा एक बैल मोकळाच हाय, त्याचा सांगावा आलाय मला."

दिनकररावाचा सांगावा आश्रुबालाही आला होता. तो चारठाण्याचा मोठा जमीनदार. "बैल न्हाई झाला तर ये माज्याकडं सालानं कामाला," तो घोड्यावरूनच म्हणाला होता. "तुजं रानबी मीच पेरीन. पडीक काऊन ठिवायचं?" हे त्यानं अगदी मायेनं सांगितलं. त्याची माया अशी, की ती ज्याच्यावर बसली त्याचा बांध दोन-तीन वर्षांत नांगराखाली जायचा आणि मग तिथं बांध होता हे कुणाच्या ध्यानातही राहायचं नाही.

झरीच्या बाजारात एक हेडी होता, बैलांचा व्यापार करणारा. तो शेळ्यांच्या बदल्यात बैल द्यायला तयार होता, पण त्याला भरला कळप पाहिजे होता, पिलांसकट. म्हणजे आखितीपर्यंत एकेक शेळी, एकेक पिलू जगवायचं. आश्रुबाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. चालताना तो शेळ्या मोजायचा, जेवताना मोजायचा आणि कडूबाई काही बोलायला लागली तर तिला थांबवून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

दिवसभर तो शेळ्या चारायचा, दिवस मावळला की दिनकररावाच्या जवारीवर जागलीला जायचा. घरची जवारी सरकारी लेव्हीत गेली होती. जागलीचे दाणे मिळायचे तेच जात्यात पडायचे. कडूबाई कापूस वेचायला जायची आणि बोंडांनी फाटलेली बोटं रात्री तेलात बुडवायची. रात्री वाडग्यात काट्यांशिवाय कुणी नसायचं.

कार्तिक सरता सरता लांडगा आला. दिवस बुडायच्या सुमाराला त्यानं काट्यावरून उडी घेतली आणि एक पिलू मानेला धरून नेलं. चिपी बाजेखाली शिरून तिथून सगळ्या जगाला भुंकत होती. भुंकून भुंकून तिचा घसा बसला, पण बाजेखालून तिनं नाकसुद्धा बाहेर काढलं नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक पिलू गेलं.

"ह्या कुत्रीला काय चाटायचंय?" आश्रुबा म्हणाला. "उंदरानं दम दिला तर पळंल ही."

"तिला कशाला बोलतूस, लेका?" धुरपदाबाई म्हणाली. "ती माजी राखन करती. शेळ्यांची राखन तिला कुनी सांगितली?"

व्यंकटी धनगराचा मेंढरांचा वाडा तेव्हा जिंतूरच्या डोंगराकडून खाली उतरला होता. आश्रुबा त्याच्याकडं गेला. मेंढरांच्या कडेला कुत्री पडली होती, एकेक वासराएवढं. पट्ट्यापट्ट्याचा एक जवान कुत्रा माणूस जवळ येताच उभा राहिला. भुंकला नाही, नुसता बघत राहिला. त्याची मान आश्रुबाच्या मांडीला लागत होती.

"ढान्या म्हनत्यात त्याला," व्यंकटी म्हणाला. "मेंढीचं दूध पिऊन वाढलंय. शेळीची एक पाठ दे आन् ने. पर आदी माजं ऐकून घे."

"बोला, मामा."

"ह्याला वाडग्यातच खायला घालायचं. घराकडं आनायचं न्हाई, चूल दावायची न्हाई. अंगावरून हात फिरवायचा न्हाई, कुनीच न्हाई. कळप हेच त्याचं घर. आन् घरी दुसरं कुत्रं हाय का?"

"हाय. बारकं हाय. मायचं."

"मग नगं नेऊ." व्यंकटीनं काठी जमिनीवर आपटली. "बारकं कुत्रं चुलीपाशी बसलेलं ह्याला दिसलं की हे बी तिकडं जातंय. मानसाची ऊब एकदा कळली की मंग वाडग्यात टिकत न्हाई. दोन्हीतलं एक ठिव."

रात्री जागलीला जायच्या आधी आश्रुबानं घरात सगळं सांगितलं. कडूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"दोघांलाबी दाने कुठून आनावं?" ती म्हणाली. "तुमी म्हनताव तेबी खरं हाय. पर आत्याबाईचं काय?"

"मी नेईन की हाताला धरून."

"तुमी रानात, मी कापसात. कवा नेनार?"

धुरपदाबाई छपरीतून सगळं ऐकत होती. चिपी तिच्या पोटाशी होती. "आशरुबा," ती म्हणाली, "मला काई लागत न्हाई. लुगडं नगं, दूध नगं. माजी अर्दी भाकर मी तिला देते, तुजं काय जातंय? माजं डोळं तेवढंच हाय बाबा."

आश्रुबाला राग आला. "बैल न्हाई आला तर दिनकररावाचं शेन काढावं लागंल मला! तवा तुजं डोळं काय करतील?" तो ओरडला आणि घोंगडी घेऊन निघून गेला. अर्ध्या वाटेत त्याला वाईट वाटलं, पण तो परतला नाही.

दुसऱ्या दिवशी चारठाण्याचा बाजार होता. त्यानं चिपीला पोत्यात घातलं. पोतं गप्प बसेना, घुंगरू वाजत राहिलं, म्हणून त्यानं आत हात घालून ते तोडलं आणि म्हातारीच्या उशाला ठेवलं. धुरपदाबाई बाजेवर पाठमोरी निजून राहिली. त्यानं चिपीला एका ओळखीच्या तेल्याकडं दिलं. "उंदीर धरती चांगली," एवढंच सांगितलं, आणि तेही खोटं होतं.

ढाण्या आला आणि लांडगा गेला. एका पहाटे वाडग्याभोवतीच्या मऊ मातीत लांडग्याचे पाय दिसले, काट्यापर्यंत येऊन मागं फिरलेले. आश्रुबानं ते पाय कडूबाईला बोलावून दाखवले. त्या दिवशी तो किती महिन्यांनी हसला. ढाण्याला भाकरी तो वाडग्यात नेऊन टाकायचा आणि हात न लावता मागं सरायचा. हात लावावासा वाटला तरी लावायचा नाही.

धुरपदाबाईचं मात्र सगळंच बसलं. कडूबाई कामाला जाताना तिला नाल्याला नेऊन आणायची. मग दिवसभर ती बाजेवर. एकदा एकटीच उठली आणि लिंबाच्या मुळाला अडखळून तोंडावर पडली. ओठ फाटला. संध्याकाळी कडूबाई आली तेव्हा ती तिथंच मातीत बसली होती. कपडे ओले झाले होते, म्हणून ती सुनेला जवळ येऊ देईना. कडूबाईनं तिला धुतलं तेव्हा ती लहान लेकरासारखी तोंड फिरवून रडली. त्यानंतर तिनं जेवण तोडलं. भाकरीचे दोन तुकडे मात्र हात अजून करायचा, आणि दुसरा अर्धा बाजेखाली धरायचा. मग आठवण यायची आणि तो अर्धा ती तशीच उशाला ठेवायची.

तो उशाचा तुकडा ढाण्याला कळला. दुपारी शेळ्या वाडग्यात रवंथ करत बसायच्या, आश्रुबा रात्रीची झोप काढायचा. अशा एका दुपारी म्हातारीच्या लोंबत्या हाताला ओलं नाक लागलं. ती दचकली. हात वर नेला तर डोकं, आणखी वर नेला तर कान. एवढा उंच कुत्रा तिनं कधी चाचपला नव्हता.

"तू व्हय रं," ती म्हणाली. "तुला तर हात लावायचा न्हाई म्हनत्यात." आणि तिनं दोन्ही हातांनी त्याची मान कुरवाळली.

आठवडाभरात ती ढाण्याच्या पाठीवर हात ठेवून लिंबापर्यंत जाऊ लागली. घुंगराची गरजच नव्हती; सगळा कुत्राच हाताखाली होता. कडूबाईनं एका संध्याकाळी हे पाहिलं. तिला व्यंकटीचं बोलणं आठवलं. पण त्याच रात्री म्हातारीनं अर्धी भाकर खाल्ली आणि वर आमटी मागितली. कडूबाईनं नवऱ्याला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची.

पौषात थंडी अशी पडली की नाल्यातलं पाणी पायाला कापायचं. म्हातारीची बाज खोलीत घेतली. संध्याकाळी आश्रुबा जागलीला गेला की ढाण्या दाराशी यायचा, मग आत यायचा, आणि थोड्या वेळानं कडूबाई त्याला हाकलून वाडग्याकडं पाठवायची. एका संध्याकाळी तिला ताप होता. ती लवकर निजली. म्हातारीनं कुत्र्याला पायाशी घेतलं, वाकळ त्याच्यावर ओढली आणि दार लावून घेतलं.

झुंजुरका, उजाडता उजाडता, आश्रुबा परतला तो वाडग्यावरून. काटे एका बाजूनं पडले होते. तीन शेळ्या आत मेलेल्या होत्या, एक अजून पाय झाडत होती. पिलांची नुसती कातडी इकडंतिकडं पडली होती. वाचलेल्या शेळ्या एका कोपऱ्यात एकमेकींत डोकी खुपसून उभ्या होत्या आणि त्याला पाहून त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. त्यानं ढाण्याला हाका मारल्या. त्याला वाटलं, तोही मेला असेल. तो झुडपांच्या जाळ्यांत शोधत राहिला.

मग त्याला घराच्या दाराआडून ढाण्याचा आवाज आला.

कडूबाईनं दार उघडलं. कुत्रं म्हातारीच्या बाजेपाशी उभं होतं. धन्याला पाहून त्यानं शेपटी हलवली. आश्रुबाच्या हातात जागलीचा सोटा होता. पहिला तडाखा ढाण्याच्या पाठीत बसला, दुसरा कुठंतरी बसला; कुत्रं केकाटलं, पण उलटलं नाही. तिसऱ्याच्या वेळी म्हातारी मधे आली. तिला दिसत नव्हतं, ती नुसती आवाजाच्या रोखानं हात पसरून पडली, आणि सोटा तिच्या मनगटावर बसला.

हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

आश्रुबानं सोटा टाकला. मागं सरताना त्याची पाठ दाराला टेकली आणि हाताला काहीतरी खरबरीत लागलं. त्यानं वळून पाहिलं. दाराच्या फळीवर आतल्या बाजूनं नखांचे ओरखडे होते, खालपासून कमरेपर्यंत. फळीच्या ढलप्या निघाल्या होत्या आणि त्यांवर रक्त होतं.

"रातभर वरबडायलं होतं," धुरपदाबाई जमिनीवरून म्हणाली. "मला वाटलं, थंडीनं करायलंय. मीच धरून ठिवलं त्याला. मारायचं तर मला मार."

कडूबाई म्हणाली, "मलाबी आवाज आला. मी गप म्हनलं."

आश्रुबा खाली बसला आणि त्यानं आईचा हात मांडीवर घेतला. तो मोठ्यानं रडला. मेलेल्या शेळ्यांसाठी रडत होता की त्या हातासाठी, हे त्याला स्वतःलाच कळलं नसतं. ढाण्या लंगडत आला आणि म्हातारीच्या पाठीला टेकून बसला.

व्यंकटी येऊन बघून गेला. त्यानंच म्हातारीच्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या, मेंढरांच्या पायाला बांधतात तशा. ढाण्याला परत न्यायला मात्र तो तयार झाला नाही.

"कुत्रं नासलं न्हाई," तो म्हणाला. "त्याला मानूस घावलं. आता म्हातारी जिथं, तिथं ते. बांधलंस तर दावं तोडील."

आश्रुबानं बांधून पाहिलं. ढाण्यानं दावं तोडलं. साखळी घातली तर रात्रभर घराकडं तोंड करून रडला, आणि शेळ्या भिऊन काटे मोडायला लागल्या. मग आश्रुबा चारठाण्याला गेला. चिपी परत आणावी, माय तिच्यात रमेल, कुत्रं आपोआप सुटेल, असा त्याचा हिशेब होता. तेल्यानं घाण्याचा बैल थांबवला नाही. बैलामागं फिरत फिरतच सांगितलं.

"ती? ती तर दुसऱ्याच रोजी गेली. दोरी कुरतडली आन् गेली. तुमच्याकडंच आली आसंल म्हनलं."

येताना आश्रुबा वाटेनं चिपीला हाका मारत आला. लोक बघत होते. ओढ्यापाशी त्यानं जाळ्या धुंडाळल्या, तिथं एका जागी तांबडे केस पडले होते. ते कुणाचेही असू शकतील, असं स्वतःला सांगत तो घरी आला आणि आईला म्हणाला, "चिपी बरी हाय. तेल्यापाशी जीव लागलाय तिचा."

"बरं झालं," धुरपदाबाई म्हणाली. तिनं खरं मानलं की नाही, कोण जाणे. मग तिनंच विचारलं, "शेळ्या किती ऱ्हायल्या?"

"इतक्याला हेडी बैल देईल का न्हाई, तेच कळंना. आनखी एक गेली तर देनारच न्हाई."

म्हातारी मोडका हात छातीशी धरून बसली होती. "मग मला नेऊन टाक वाडग्यात," ती म्हणाली. "मी जिथं, तिथं ते. सोपं हाय की."

"काय बोलायलीस, माय!"

"मला काय, इथं अंदार आन् तिथंबी अंदारच."

कडूबाई रागानं उठली. "आवो, न्हाई म्हना की!" ती नवऱ्याला म्हणाली. "म्हना की!"

आश्रुबानं मान खाली घातली. जागल सोडली तर खायचं काय, आणि कळप गेला तर पेरायचं कशानं, हे दोन्ही प्रश्न त्याच्यापुढं होते. आईनं तिसरं उत्तर दिलं होतं आणि ते बरोबर होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण त्यानं नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वाडग्यात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी केली, बाज डोक्यावर घेऊन तिथं नेली, आणि मग आईला पाठीवर घेऊन गेला. ती फार हलकी झाली होती. ढाण्या शेजारून चालत होता.

"आखितीपस्तोर," आश्रुबा म्हणाला. "बैल आला की घरी नेतो तुला, माय. तुजी आन."

"ने की," ती म्हणाली.

कडूबाई रोज दोन भाकरी घेऊन वाडग्यात जायची. म्हातारीच्या लुगड्याला लेंड्यांचा वास लागला, केसांत गोचिड्या झाल्या. पहाटेच्या गारठ्यानं खोकला धरला तो सुटलाच नाही. हात वाकडा जुळला. शेळ्या तिच्या बाजेवर चढायच्या, पिलं तिच्या वाकळीत निजायची. दिनकरराव एकदा मुद्दाम वाट वाकडी करून आला आणि घोड्यावरून म्हणाला, "आश्रुबा, मायला राखनीला ठिवलंस व्हय? सालानं का म्हैन्यानं?" त्याचे गडी हसले. आश्रुबा काट्यांची फांदी सरळ करत राहिला. ढाण्यानं घोड्याकडं पाहून एकदाच गुरगुर केली, आणि घोडा मागं सरला.

कळपातली एकही शेळी त्यानंतर गेली नाही.

आखितीच्या आदल्या बाजाराला आश्रुबा कळप घेऊन पहाटेच झरीला निघाला. धुरपदाबाईनं शेवटच्या शेळीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकला. मग तिनं वाकळ घडी केली, लुगडं, तांब्या आणि चिपीचं घुंगरू त्यात ठेवलं, आणि एका हातानं व दातांनी गाठ बांधली. कडूबाई भाकरी घेऊन आली तर म्हणाली, "आता घरीच खाईन. चूल गरम ठिव." गाठोडं मांडीवर घेऊन ती दिवसभर बसून राहिली.

दिवस कलताना आश्रुबा बैल घेऊन आला. हेड्यानं कळप कमी म्हणून उतारवयाचा बैल दिला होता, पण खांदा बरा होता, चालीला शांत होता. चंद्रभाननं बांधावरूनच पाहून मान हलवली. कडूबाईनं बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि नवऱ्याला विचारलं, "बांधनार कुठं?"

आश्रुबा गोठ्याकडं बघत उभा राहिला. बाभळीची फांदी वाळून काळी पडली होती, पण आडवी होती. भादवा उलटायला अजून सगळा पावसाळा होता. घरापाशी उघड्यावर बांधावा तर लोक बैल चोरून नेत होते. मागच्याच पंधरवड्यात चारठाण्याच्या वाटेवरून एक जोडी गेली होती. काटे वाडग्यालाच होते, आणि रात्री राखणीला ढाण्याशिवाय कुणी नव्हतं. कडूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला काय ते कळलं आणि ती घरात निघून गेली.

धुरपदाबाईला खुरांचा आवाज आला. तिनं गाठोडं काखेत घेतलं आणि बाजेवरून पाय खाली सोडले. "आला व्हय?" ती म्हणाली. "हिकडं आन, हात लावू दे." बैल जवळ आला. तिनं चांगल्या हातानं त्याचं कपाळ चाचपलं, शिंगं चाचपली, ओलं नाक चाचपलं. "चांगला हाय," ती म्हणाली. "गरीब हाय." ढाण्या तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मुलाच्या पाठीची वाट बघत उभी राहिली.

तिला वाडग्याच्या मधोमध दगडाचा आवाज आला. आश्रुबा जमिनीत मेख ठोकत होता.

ती ऐकत राहिली. मेख पुरती आत गेली, दावं बांधून झालं, आणि त्याची पावलं एकटीच वाडग्याबाहेर गेली. मग धुरपदाबाई पुन्हा बाजेवर बसली, दातांनी गाठोड्याची गाठ सोडली आणि वाकळ अंथरायला लागली.